झोळीचा हिशेब देणाऱ्यांनाही द्या

प्रति,
महाराष्ट्रातील कॅथोलिक धर्मग्रामांचे प्रमुख धर्मगुरू, वित्त समित्यांचे सदस्य आणि धर्मप्रांतांचे अर्थाधिकारी यांस

आदरणीय फादर, बंधू आणि भगिनींनो,

‘आमचे फादर पैशाला सरळ आहेत का?’ हा प्रश्न मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर आवारात, लग्नाच्या मांडवात आणि अलीकडे व्हॉट्सॲपच्या गटांवर चघळला जातो. आपल्या तोंडावर तो कुणी विचारत नाही. आम्ही धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक समुदायाच्या, वह्या, पावतीपुस्तकं आणि ताळेबंद हाताळणारी माणसं आहोत, आणि आमच्या मते हा प्रश्न माणसाबद्दल विचारण्यात अर्थ नाही. बहुतेक धर्मगुरू सरळ असतात असंच आम्ही मानतो. पण सरळ माणसाला आपला सरळपणा दाखवता येईल आणि वाकड्याला अडवता येईल, अशी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी असते. ती नसली की दोघांचे हिशेब बाहेरून सारखेच दिसतात, आणि भोगतो तो सरळ माणूस.

कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याच्या, १२८७व्या नियमाला दोन भाग आहेत. पहिल्यानुसार चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्याने दरवर्षी बिशपांना हिशेब द्यायचा आणि बिशपांनी तो आपल्या वित्त परिषदेकडून तपासून घ्यायचा. दुसऱ्यानुसार, श्रद्धावंतांनी चर्चला जे दिलं त्याचा हिशेब श्रद्धावंतांनाही द्यायचा. कसा, ते बिशपांच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताने ठरवायचं. पहिला भाग पाळला नाही तर धर्मप्रांताच्या कार्यालयातून फोन येतो. दुसरा पाळला नाही तर कुणाचाच फोन येत नाही. हे पत्र त्या दुसऱ्या भागासाठी आहे.

आधी झोळी, कारण संशय तिथेच जास्त आणि उपाय तिथेच सोपा. अर्पणाच्या वेळी दान गोळा करायला फिरलेली झोळी वेदीजवळ येते, मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीत (वेदीलगतच्या तयारीच्या खोलीत) जाते आणि तिथून फादरांच्या निवासात. या सगळ्या प्रवासात पैसे मोजलेले नसतात. किती होते हेच ठाऊक नसल्यामुळे किती गेले हे कधी कळत नाही, आणि लेखापरीक्षकालाही ते सापडत नाही, कारण त्याच्यासमोर बँकेत भरलेला आकडाच येतो. म्हणून मोजणी पूर्ण होईपर्यंत या पैशांजवळ एकटं कुणीही असू नये, मग तो सॅक्रिस्टी सांभाळणारा सॅक्रिस्टन असो, खजिनदार असो की प्रमुख धर्मगुरू. झोळ्या मिस्सा चालू असतानाच दोघांनी मिळून एका पिशवीत रिकाम्या कराव्यात. क्रमांक छापलेल्या, चिकटवल्यावर फाडल्याशिवाय न उघडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात. पैशांची ने-आण करणारे त्याच वापरतात. पिशवीचा क्रमांक दोघांनी लिहून ठेवावा आणि मोजणीच्या टेबलावर तोच क्रमांक आहे ना, हे पाहूनच ती फाडावी.

मोजायला तिघं हवेत, आणि ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत. नवरा-बायको किंवा बाप-लेक ही मोजणीपुरती एकच व्यक्ती धरा. कायमची तीच तीन माणसं ठेवू नका; पाच-सहा गट करून पाळी लावा, म्हणजे एखादा गट बसला की रक्कम दर वेळी घसरते का, हे वर्षभरात आपोआप दिसतं. मोजणीचा तक्ता पाचशेपासून नाण्यांपर्यंत प्रत्येक नोटेच्या रकान्यासह छापलेला असावा, शाईने भरावा, खाडाखोड झाली तर तिघांनी तिथे सही करावी. दोन प्रती कराव्यात. एक पैशांबरोबर बँकेत भरणाऱ्याकडे. दुसरी लगेच वित्त समितीच्या अशा सदस्याकडे, जो ना मोजतो, ना वही लिहितो. त्याचं काम एकच: तक्ता आणि बँकेची भरणा पावती जुळवून पाहणं. भरणा पुढच्याच कामकाजाच्या दिवशी व्हायला हवा. शनिवारपर्यंत थांबून ‘एकदमच भरू’ म्हटलं की फरकाचं कारण शोधता येत नाही.

बिघाड बहुतेक वेळा चोरीने होत नाही, एका सवयीने होतो. फुलवाल्याचे पैसे, गवत कापणाऱ्याची मजुरी, गायकवृंदाचा चहा हे सगळं झोळीतूनच परस्पर भागवलं जातं आणि उरलेलं बँकेत जातं. वहीत जमाही कमी दिसते, खर्चही कमी दिसतो, शिल्लक मात्र जुळते. पाच वर्षांनी लोकांचं दान घटलं की परस्पर खर्चाची सवय वाढली, हे सांगायला कुणाकडेच कागद नसतो. उपाय जुना आहे. झोळीतली शेवटची नाणीसुद्धा बँकेत गेली पाहिजेत. किरकोळ खर्चासाठी चेकने काढलेली ठरावीक रक्कम, समजा १०,००० रुपये, पेटीत ठेवा. जेवढ्या रकमेची व्हाउचर जमली तेवढीच रक्कम पुन्हा काढा. मग कोणत्याही क्षणी पेटी उघडली तरी रोख आणि व्हाउचर यांची बेरीज १०,००० यायलाच हवी.

विशेष कारणासाठी होणाऱ्या झोळ्या वेगळ्या मोजा. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारची मिशनसाठीची, २९ जूनच्या आसपासची पोप महोदयांच्या दानकार्यासाठीची, शुभ शुक्रवारची पवित्र भूमीसाठीची, उपवासकाळातली कॅरिटास या चर्चच्या मदतसंस्थेची: या पैशांवर धर्मग्रामाचा हक्क नाही. ठरावीक हेतूसाठी दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरायचं, असं १२६७वा नियम सांगतो. किती जमले, कोणत्या तारखेला पुढे पाठवले आणि पोच कधी आली, या तीन गोष्टी पुढच्याच महिन्यात फलकावर लागल्या तर पुरे.

मिस्साच्या इंटेन्शनबद्दल, म्हणजे कुणा मृताच्या किंवा हेतूच्या नावाने अर्पण देऊन सांगितलेल्या मिस्सांबद्दल, मात्र सर्वात कमी बोललं जातं, आणि तिथला गुंता सर्वात मोठा आहे. नियम स्पष्ट आहेत. ज्या ज्या हेतूसाठी स्वतंत्र अर्पण घेतलं, त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र मिस्सा (नियम ९४८). धर्मगुरूने एका दिवशी कितीही मिस्सा केल्या तरी स्वतःसाठी एकाच मिस्साचं अर्पण ठेवायचं. बाकीचं बिशपांनी ठरवलेल्या कार्याला द्यायचं, नाताळचा दिवस तेवढा अपवाद (नियम ९५१). वर्षभरात स्वतः करू शकेल त्याहून जास्त मिस्सांची अर्पणं कुणी घेऊ नयेत (नियम ९५३). जास्त झाली तर दुसऱ्या धर्मगुरूंकडे पाठवावीत, आणि पाठवताना रक्कम पूर्ण पाठवावी. या व्यवहाराला व्यापाराचा वासही लागू नये, असं ९४७वा नियम सांगतो.

एक काल्पनिक रविवार घ्या. अर्पण २०० रुपये, एकाच धर्मगुरूंच्या तीन मिस्सा. त्यांचे २००, धर्मप्रांताच्या कार्याचे ४००. वर्षातले ५२ रविवार धरले तर केवळ रविवारचे २०,८०० रुपये धर्मप्रांताकडे जायला हवेत. ही रक्कम गेली की नाही, हे तपासायचं कसं? ९५८वा नियम म्हणतो की धर्मग्रामात यासाठी वेगळी वही असावी आणि बिशपांनी ती दरवर्षी स्वतः किंवा कुणाकरवी तपासावी. वहीत निदान आठ रकाने हवेत: अनुक्रमांक, अर्पण घेतल्याची तारीख, देणाऱ्याचं नाव, हेतू, रक्कम, ठरलेली मिस्सा, प्रत्यक्ष झालेली तारीख, करणाऱ्या धर्मगुरूंची सही. शेवटचे दोन रकाने कोरे राहतात तिथेच सगळं बिनसतं. इंटेन्शन घेतलं गेलं, फादरांची बदली झाली, वही कपाटात गेली. आणि मयताच्या घरच्यांना वाटत राहतं की मिस्सा झाली. वर्षाच्या आत न झालेली इंटेन्शन बिशपांकडे सोपवायची असतात (नियम ९५६). म्हणून बदलीच्या वेळी बाकी राहिलेल्या इंटेन्शनची यादी आणि तेवढी रोख रक्कम ही दोन्ही नव्या धर्मगुरूंच्या हातात पडली पाहिजेत. नुसती यादी हाती आली तर नवे फादर दुसऱ्याचं कर्ज फेडत बसतात.

सामूहिक इंटेन्शनचं काय? १९९१ साली व्हॅटिकनने अशा मिस्सांना आठवड्यातून दोनची मर्यादा घातली होती. एप्रिल २०२५ मध्ये याच विषयावर नवा आदेश निघाला. एका मिस्सात अनेकांची अर्पणं एकत्र घ्यायची तर देणाऱ्यांना ते आधी सांगितलेलं असावं आणि त्यांनी मोकळेपणाने होकार दिलेला असावा. आणि तरीही धर्मगुरूने एकच अर्पण ठेवायचं, हा त्याचा गाभा आहे. आता नोव्हेंबरमधली पाकिटं आठवा. मृतांची नावं लिहिलेली शेकडो पाकिटं वेदीजवळ ठेवली जातात. देणाऱ्या आजींना वाटतं, आपल्या माणसासाठी एक मिस्सा झाली. प्रत्यक्षात सगळ्या पाकिटांसाठी मिळून काही ठरावीक मिस्सा होतात. यात गैर काही नाही, पण ते पाकिटावरच छापा: ‘या पाकिटांतील सर्व मृतांसाठी मिळून इतक्या मिस्सा, अमुक तारखांना, जमलेली रक्कम अमुक कामासाठी.’ २ नोव्हेंबरला धर्मगुरूला तीन मिस्सा करता येतात. त्यातली एक सर्व मृतांसाठी आणि एक पोप महोदयांच्या हेतूसाठी असते, आणि अर्पण एकाच मिस्साचं घेता येतं. हे लोकांना ठाऊक झालं तर निम्मी कुजबुज बंद होईल. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठीही मिस्सा करावी, अशी शिफारस ९४५व्या नियमात आहे. दरपत्रक लावता त्याच फलकावर हे वाक्यही लावा.

सणाचा पैसा हा तर वेगळाच संसार. सणाची समिती वेगळी, पावतीपुस्तकं वेगळी, कधी बँकखातंही वेगळं आणि तेही दोन उत्साही तरुणांच्या नावावर. आळीआळीतून वर्गणी येते, स्टॉलचं भाडं येतं, बँडला, मांडवाला, रोषणाईला, जेवणाला पैसे जातात, आणि सण सरला की उरलेली रक्कम ‘पुढच्या वर्षासाठी’ कुणाच्या तरी खात्यावर राहते. धर्मग्रामाच्या लेखापरीक्षणात यातलं काहीच येत नाही, जरी पावतीवर नाव चर्चचंच असलं तरी. चर्चच्या नावाने घेतलेला पैसा चर्चचाच आहे आणि तो चर्चच्या न्यासाच्या (ट्रस्टच्या) खात्यातूनच फिरला पाहिजे. पावतीपुस्तकांचं रजिस्टर ठेवा: कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचं पुस्तक कुणाला दिलं, कधी परत आलं. रद्द केलेल्या पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच राहिल्या पाहिजेत. कोरी पुस्तकंही मोजून परत घ्या. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक त्याच रविवारी मिस्सात जाहीर करा, कारण फसवणूक न फाडलेल्या पावत्यांनी होते. बँड आणि मांडवाचे पैसे चेकने किंवा खात्यावरून द्या. सणानंतर तीस दिवसांत समितीचा हिशेब आला नाही, तर पुढच्या वर्षी पुस्तकं देऊ नका.

मारिया मातेला नवसाचं सोनं वाहणारी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या साखळ्या आणि बांगड्यांची नोंद ‘दागिना, एक’ अशी नसावी. वजन ग्रॅममध्ये, फोटो, तारीख, दात्याचं नाव किंवा ‘अज्ञात’, आणि दोन सह्या असाव्यात. सोनं मोडायचं ठरलं तर वित्त समितीचा ठराव, किमान दोन सोनारांचं मूल्यांकन आणि आलेली रक्कम कुठे गेली याची नोंद हवी. १२८३वा नियम प्रत्येक नव्या व्यवस्थापकाला सूत्रं हाती घेण्याआधी मालमत्तेची तपशीलवार यादी तपासून सही करायला सांगतो. एक प्रत धर्मग्रामात, एक धर्मप्रांतात. जुने चषक, मूर्ती, जमिनीचे सातबारा, मुदत ठेवींच्या पावत्या हे सगळं त्या यादीत यायला हवं. निरोप समारंभाला अख्खी संध्याकाळ दिली जाते. या यादीला एक सकाळ द्या.

बदलीबरोबर आणखी एक गोष्ट जाते: क्यूआर कोड. स्कॅन केल्यावर फोनवर धर्मगुरूंचं किंवा खजिनदाराचं व्यक्तिगत नाव दिसत असेल तर तो पैसा धर्मग्रामाच्या खात्यात जात नाही, मग हेतू कितीही चांगला असो. कोड न्यासाच्या नावाच्या खात्याचाच हवा. श्रद्धावंतांनीही रक्कम टाकण्याआधी वर दिसणारं नाव वाचावं. न्यासाचं नाव नसेल तर पैसे देऊ नयेत. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि बँकेतल्या सह्याही बदलाव्या लागतात. तो राहून गेला की गेलेल्या फादरांच्या सहीचे कोरे चेक मागे ठेवून काम भागवलं जातं. कोरा सही केलेला चेक ही सोय नाही, दोन सह्यांची अटच त्याने रद्द होते.

परदेशातल्या आपल्या लोकांबद्दल एक खबरदारी. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेलं दान विदेशी देणगी ठरत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या भावाने दिलेलं ठरतं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, आणि सुट्टीवर आल्यावर रुपयांत दिलं तरी. असं दान घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी जमा व्हावं लागतं. तिथून दुसऱ्या संस्थेला ते वर्गही करता येत नाही. कळसाच्या दुरुस्तीसाठी टोरंटोहून थेट गावच्या खात्यावर आलेले पैसे फादरांनी खाल्ले नसले तरी गुन्हा घडलेला असतो.

धर्मगुरूंना मिळणाऱ्या व्यक्तिगत भेटींवरून गैरसमज फार होतात. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याची शपथ घेत नाहीत. ती संन्यस्त संघातल्यांची असते. त्यामुळे गुरुदीक्षेच्या वाढदिवसाला मिळालेलं पाकीट त्यांचं असू शकतं. पण व्यवस्थापकाच्या हातात दिलेलं दान, उलट सिद्ध होईपर्यंत, संस्थेला दिलं असं १२६७वा नियम मानतो. आणि बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी अशा सेवेच्या वेळी दिलेलं दान, दात्याची इच्छा स्पष्टपणे वेगळी नसेल तर, ५३१व्या नियमानुसार धर्मग्रामाच्या निधीत जातं. घर आशीर्वादित करायला आलेल्या फादरांच्या हातात मुकं पाकीट ठेवलं की हा घोळ देणाराच सुरू करतो. पाकिटावर ‘फादरांसाठी’ किंवा ‘धर्मग्रामासाठी’ एवढं लिहायला काय लागतं? पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये व्हॅटिकनच्या कर्मचाऱ्यांना ४० युरोंहून अधिक किमतीची भेट घ्यायला मनाई केली. कंत्राटदार, भाडेकरू आणि शाळाप्रवेशासाठी आलेल्या पालकांकडून भेट घेण्याबाबत आपल्या धर्मप्रांतांनीही एक आकडा ठरवायला हरकत नसावी.

काहींना वाटतं, चर्चचा हिशेब ही घरातली गोष्ट आहे, ती बाहेर कशाला. केरळात २००९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने चर्चच्या मालमत्तेसाठी कायद्याचा मसुदा सुचवला आणि तिथे अजूनही वाद पेटतो. महाराष्ट्रात हा वादच उद्भवत नाही. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात मंदिर, वक्फ, अग्यारी यांच्या जोडीला चर्चही आहे. सीएकडून दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यायचं, अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा, त्यांच्या परवानगीशिवाय जमीन विकायची नाही. शुल्क भरून अहवालाच्या प्रतीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे जो कागद सरकारी कपाटात आहे, तोच आपल्या फलकावर नाही.

आणि तो कागद वाचायला अवघड नाही. ताळेबंद अनुसूची आठच्या नमुन्यात असतो. त्यात डाव्या बाजूला निर्धारित निधी पाहा: इमारत निधी, गरिबांचा निधी, दफनभूमीचा निधी. गेल्या वर्षीपेक्षा आकडा घटला असेल तर तो त्याच कामावर खर्च झाला का, हे विचारा. उजव्या बाजूला ‘ॲडव्हान्स’ पाहा. कंत्राटदाराला दिलेली उचल तीन-तीन वर्षं तशीच दिसत असेल तर काम झालेलं नाही किंवा बिल आलेलं नाही. खाली रोख शिल्लक विश्वस्ताकडे किती आणि व्यवस्थापकाकडे किती, हे वेगळं लिहायची सोय नमुन्यातच आहे. ३१ मार्चला हातात लाखाच्या वर रोख कशासाठी होती, हा रास्त प्रश्न आहे. अनुसूची नऊच्या उत्पन्न-खर्च पत्रकात न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत असा फोडून द्यावा लागतो. गरिबांच्या ओळीतला आकडा आणि सणाच्या मांडवाचा आकडा शेजारी ठेवून पाहा.

सर्वात उपयोगी असते ती लेखापरीक्षकाची प्रश्नावली, आणि तीच कुणी वाचत नाही. पावत्या आणि शिल्लक वहीशी जुळली का? स्थावर-जंगम मालमत्तेचं रजिस्टर ठेवलं आहे का? निधी उद्दिष्टाबाहेर वापरला का? ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का? विश्वस्त न्यासाचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? आधीच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का? प्रत्येकासमोर ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ असतं. दरवर्षी एकाच ठिकाणी ‘लागू नाही’ येत असेल तर तिथेच बोट ठेवा. नवं सभागृह उभं राहिलं आणि निविदेच्या प्रश्नासमोर ‘लागू नाही’ असेल, तर लेखापरीक्षकालाही दोन शब्द विचारावे लागतील.

वित्त समित्यांना थोडं कडू सांगायचं आहे. ५३७व्या नियमानुसार तुम्ही प्रत्येक धर्मग्रामात असलंच पाहिजे, पण कित्येकदा तुमची बैठक तयार कागदावर सही करायला भरते. तुमचा अधिकार सल्ल्यापुरता आहे हे खरं. तरी बँकेचं स्टेटमेंट मागायला सल्ल्याचा अधिकार पुरतो. दर तिमाहीला बसा आणि आधी बँक स्टेटमेंट उघडा, वही नंतर. बिशपांच्या वित्त परिषदेवर त्यांच्या नात्याच्या चौथ्या पायरीपर्यंतच्या, म्हणजे चुलत-मावस भावंडांपर्यंतच्या, नातेवाइकांना ४९२वा नियम बंदी घालतो. तुमच्या समितीवर प्रमुख धर्मगुरूंचे किंवा खजिनदाराचे नातेवाईक, चर्चचे कंत्राटदार, चर्चचे भाडेकरू का चालावेत? अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाने २००७च्या सुमारास तिथल्या कॅथोलिक धर्मप्रांतांची पाहणी केली. उत्तर देणाऱ्या ७८ धर्मप्रांतांपैकी ८५ टक्क्यांनी गेल्या पाच वर्षांत अपहार उघड झाल्याचं सांगितलं. कॅनन लॉ तिथेही हाच होता.

फादर, तुमच्या दोन शंका आम्हाला ठाऊक आहेत. पहिली, आकडे कळले की लोक देणं कमी करतील. आकडे न कळल्यानेच झोळीत दहाची नोट पडते, असं आमचं मत आहे. गळक्या छपराचं अंदाजपत्रक पाहिलेला माणूस हात आखडत नाही. दुसरी, सॅक्रिस्टनच्या पगारापासून मेणबत्त्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारे चार जण असतात. असतात खरे. त्यांना बारा महिने अंधारात ठेवून ते चाळीस होतात. आणि ‘डाव्या हाताला कळू नये’ हे वचन दात्यासाठी आहे, खजिनदारासाठी नव्हे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा नेताना संत पौलाने एकट्याने जायचं टाळलं. या दानाबाबत कुणी बोट दाखवू नये, देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, असं त्याने करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कळवलं.

श्रद्धावंतांसाठीही एक अट. शंका असेल तर ती लिहून, सहीनिशी, तारीख आणि रक्कम घालून आधी वित्त समितीकडे द्या. मग परिसरातल्या धर्मग्रामांवर देखरेख करणाऱ्या डीनकडे, धर्मप्रांताच्या अर्थाधिकाऱ्यांकडे, बिशपांकडे. २१२वा नियम तुम्हाला तो हक्क देतो. तिथे काहीच झालं नाही तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या कॅनन लॉच्या दंडविधानात चर्चच्या मालमत्तेची चोरी आणि नियमबाह्य विक्री यांना १३७६व्या नियमाखाली शिक्षा आहे. कागदावाचून व्हॉट्सॲपवर नाव घेणं मात्र बदनामी ठरते, आणि त्याने खऱ्या चोराचंच फावतं.

आमची मागणी मोठी नाही. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत मार्चअखेरचा एक पानी कच्चा हिशेब दारावरच्या फलकावर, मराठीत. त्यात आरंभीची शिल्लक, महिनावार झोळी, पुढे पाठवलेल्या झोळ्या तारखांसह, मिस्सा अर्पणातून धर्मप्रांताला गेलेली रक्कम, सभागृह आणि मैदानाचं भाडं, दफनभूमीचं उत्पन्न, सणाचा जमाखर्च, प्रत्येक निर्धारित निधी, पगार, दुरुस्ती, गरिबांना मदत, धर्मप्रांताचा वाटा, अखेरची बँक शिल्लक आणि रोख. गरिबांची नावं त्यात नकोत, आकडे हवेत. नोव्हेंबरातल्या ख्रिस्तराजाच्या सणापर्यंत लेखापरीक्षित ताळेबंद आणि लेखापरीक्षकाची प्रश्नावली तिच्या शेऱ्यांसह. त्या रविवारी प्रत्येक मिस्सानंतर अर्धा तास खजिनदार आणि समितीचा एक सदस्य आवारात टेबल मांडून बसावेत. ज्या प्रश्नाला तिथे उत्तर देता येणार नाही तो वहीत उतरवून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. व्हाउचर सापडत नसेल तर ‘व्हाउचर सापडत नाही’ असंच लिहावं.

आपले विश्वासू,
धर्मग्रामांच्या हिशेबाचं काम करणारे काही श्रद्धावंत